योगायोग वजा जाता

आमच्या देवघरात कलशाखाली तांब्याची एक कडी आहे. बांगडीपेक्षा थोडी मोठी, चपटी, दोन मिलिमीटर जाडीची. कलशाचं बूड जरा वाकडं आहे, तो डुगडुगू नये म्हणून आईनं ती तिथे बसवली. येणाऱ्या-जाणाऱ्यांना वाटतं, कुठल्या तरी तीर्थक्षेत्राहून आणलेली असणार. मी ती युरोपातल्या एका प्रयोगशाळेच्या भंगाराच्या डब्यातून उचलून आणली आहे. व्हॅक्यूम चेंबर म्हणजे आतली हवा उपसून काढलेली पोलादी पेटी; तिच्या दोन फ्लँजमध्ये, म्हणजे एकमेकांवर बोल्टनं आवळायच्या कडांमध्ये, घालायची ही गॅस्केट. फ्लँजच्या तोंडाला सुरीसारखी धार असते. बोल्ट आवळले की ती धार तांब्यात रुतते आणि हवेला शिरायला फट उरत नाही. एकदा वापरली की संपली. पुन्हा उघडलं की नवी घालायची. त्यामुळे अशा कड्यांचा लॅबमध्ये ढीग पडलेला असायचा. निघताना आठवण म्हणून एक बॅगेत टाकली.

पाडव्याच्या आदल्या दिवशी आई देवांची भांडी घासायला बसते. यंदाही बसली. पितांबरीनं कडी अशी लखलखीत केली की खिडकीतल्या जास्वंदीची लाली तिच्यात दिसायला लागली. बाबांनी ती उजेडात धरली आणि अंगठ्याचं नख गोल फिरवलं. बाबा वागळे इस्टेटमधल्या एका वर्कशॉपमध्ये तेहतीस वर्षं टर्नर होते. लेथवरून उतरलेला कुठलाही जॉब हातात आला की आधी नख फिरवायचं, मग मायक्रोमीटर, हा त्यांचा नेम. रिटायर झाल्यावर वाटीच्या काठावरूनही नख फिरवतात.

"इथे धार रुतलीये," ते म्हणाले. "बाकी सरफेस क्लास आहे. एकदम क्लीन."

मला हसू आलं आणि ते मी लपवलं नाही, ही चूक झाली. कारण मग पुढचा सगळा दिवस समजावून सांगण्यात गेला.

बाबांचा सरफेस आणि माझा सरफेस यांत फार अंतर आहे. दोन मिलिमीटरच्या त्या कडीत तांब्याच्या अणूंचे थर एकावर एक रचलेले धरले तर जवळपास एक कोटी होतात. मी दोन वर्षं ज्याला सरफेस म्हणत होते, ते म्हणजे त्यातले वरचे चार-पाच. खालच्या कोटीभर थरांशी आम्हाला देणंघेणं नव्हतं. आणि पितांबरीनं लखलखलेल्या त्या वरच्या थरांवर पाण्याचा, प्राणवायूचा आणि हवेतल्या कार्बनी घाणीचा जाड थर असतो. खरं तांबं त्याखाली कुठेतरी. आईनं घासून ठेवली तेव्हाच ती कडी माझ्या हिशेबानं खरकटी झाली होती.

म्हणून तर ते चेंबर. हवेचा दाब साधारण ७६० टॉर असतो (टॉर हे दाबाचं माप). तो एका टॉरच्या दहा लाखाव्या भागापर्यंत खाली आणला, तरी साफ केलेल्या धातूवर वायूच्या रेणूंचा एक अख्खा थर बसायला सेकंदभर पुरतो, जर येणारा प्रत्येक रेणू चिकटला तर. त्याच्या दहा हजार पट खाली गेलात की तोच थर बसायला पावणेतीन तास लागतात. तेवढ्या पावणेतीन तासांसाठी काय काय करावं लागतं! चेंबरला तापपट्ट्या गुंडाळायच्या, वरून अ‍ॅल्युमिनियमची फॉइल, आणि दीडशे अंशांवर एक-दोन दिवस भाजत ठेवायचं, म्हणजे भिंतींना चिकटलेलं पाणी सुटतं आणि पंप ते ओढून घेतो. डब्यात पोळ्या बांधाव्यात तसं ते अख्खं यंत्र दिसायचं. मग तांब्यावर आर्गॉन वायूच्या आयनांचा, म्हणजे विद्युतभारित अणूंचा, मारा करून वरचे थर उडवायचे, माऱ्यानं विस्कटलेले अणू परत रांगेत यावेत म्हणून तापवायचं, पुन्हा मारा, पुन्हा तापवणं. आईला हे सगळं सांगितल्यावर ती म्हणाली, "चिंच लावली असतीस तरी चाललं असतं." ऑक्साइडपुरतं बोलायचं तर तिचं खरं आहे.

एवढं करून त्या तांब्याला विचारायचं काय, तर तुझ्या आत इलेक्ट्रॉन कसे राहतात. विचारायची रीत जुनी आहे. क्ष-किरण पाडायचे, ते आत मायक्रॉनच्या हिशेबात खोल जातात आणि वाटेतल्या अणूंमधून इलेक्ट्रॉन उपटून काढतात. पण इलेक्ट्रॉनला घन पदार्थातून बाहेर येणं फार जड जातं. दोन पावलं चाललं की कुणाला तरी धडक, ऊर्जा गेली, ओळख गेली. आपली ऊर्जा शाबूत ठेवून बाहेर येतात ते फक्त वरच्या काही थरांमधले. त्यांची ऊर्जा मोजली की ते अणूतल्या ऊर्जेच्या कुठल्या पायरीवरून उठले ते कळतं. काय सिगबान यांना १९८१ चं नोबेल मिळालं ते याच मोजणीला नेमकेपणा आणल्याबद्दल. (काय हे त्यांचं नाव आहे. मराठीत लिहिताना प्रत्येक वेळी पंचाईत होते.)

अणूच्या आतल्या पायरीवरून एक इलेक्ट्रॉन गेला की तिथे भोक पडतं. वरचा एखादा इलेक्ट्रॉन त्यात उडी घेतो, आणि त्या उडीत मोकळी झालेली ऊर्जा तिसऱ्याला देऊन त्याला बाहेर हाकलतो. हा हाकललेला ऑजे इलेक्ट्रॉन. म्हणजे एका अणूला एकदा धक्का लागला की दोघे बाहेर पडतात, आधी एक आणि त्याच्या पाठोपाठ दुसरा. मधलं अंतर इतकं कमी की आमच्या घड्याळाला ते एकदमच. लीझ माइटनर यांनी हा परिणाम १९२२ मध्ये छापला होता, पिअर ऑजे यांनी स्वतंत्रपणे १९२३ मध्ये. नाव ऑजेंचं पडलं. माझ्या गाईड बाई ही दोन सालं न चुकता म्हणून दाखवायच्या आणि मग गप्प बसायच्या.

इथवर बाबांना सगळं पटलं. मग त्यांनी नेमका प्रश्न विचारला. "अगं, पण लाखो अणूंना एकदम धक्के बसत असतील. या डिटेक्टरवर एक आला, त्या डिटेक्टरवर एक आला. ते दोघं एकाच घरचे, हे तुला कोण सांगतं?"

हाच प्रश्न आहे. आमच्या कामाचं नाव इंग्रजीत 'कोइन्सिडन्स'. विज्ञान परिषदेतल्या एका गृहस्थांनी मला व्याख्यानासाठी मराठी शीर्षक विचारलं, तेव्हा मी शब्दकोश उघडला. कोइन्सिडन्स म्हणजे योगायोग. पंचाईतच. कारण लॅबमध्ये आम्ही ज्याच्या मागे होतो तो योगायोग नव्हेच. दोन इलेक्ट्रॉन एका वेळी आले यात योगायोग किती आणि नातं किती, हे वेगळं करायचं, आणि योगायोग वजा करून टाकायचा. मराठीत कोइन्सिडन्स या एका शब्दाचे दोन तुकडे करावे लागतात, आणि ते दोन तुकडे एकमेकांचे वैरी आहेत.

त्यात आमच्या घरात योगायोग हा शब्द एका गोष्टीसाठी राखून ठेवलेला. बाबा डोंबिवलीचे, आई कल्याणची. बाबांचं वर्कशॉप ठाण्यात आणि आई कोर्ट नाक्याजवळच्या एका कचेरीत टायपिस्ट. दोघं संध्याकाळी ठाण्याहून कल्याण लोकल पकडायचे. "योगायोगानं रोज एकाच गाडीला असायचो," असं बाबा सांगतात. कल्याणची मावशी त्यावर "योग असतात गं" म्हणून डोळे मिटते. १९८३ साली लग्न झालं.

तर बाबांच्या प्रश्नाचं उत्तर मी ठाणे स्टेशनावरच दिलं. समजा तुम्ही पुलाच्या एका जिन्यावर उभे आहात आणि आई दुसऱ्या. दोघांनी माणसं मोजायची आणि एकाच क्षणी दोन्हीकडून कोण कोण उतरलं ते वहीत मांडायचं. संध्याकाळी साडेसहाला हे करून बघा. प्रत्येक क्षणी इकडूनही कुणीतरी उतरतंय, तिकडूनही. वही जोड्यांनी भरून जाईल आणि त्यातल्या नवरा-बायकोच्या जोड्या शोधून सापडायच्या नाहीत. तेच शेवटच्या गाडीला करा. इकडून एक उतरला आणि त्याच वेळी तिकडून एक उतरली, तर संशयाला जागा आहे.

बाबांना आकडे लागतात, म्हणून आकडे दिले. समजा दोन्ही डिटेक्टरवर सेकंदाला दहा-दहा हजार इलेक्ट्रॉन येतायत. आपण 'एकदम' म्हणतो ती खिडकी दहा नॅनोसेकंदांची, म्हणजे सेकंदाचा दहा कोटीवा भाग. दहा हजार गुणिले दहा हजार म्हणजे दहा कोटी; भागिले दहा कोटी. सेकंदाला एक जोडी नुसत्या योगायोगानं जमणार. खरी जोडी समजा दहा सेकंदांना एक. एका खऱ्या जोडीमागे दहा खोट्या.

"मग लाइट वाढवा," बाबा म्हणाले. सगळे हेच म्हणतात. मीही पहिल्या आठवड्यात हेच म्हटलं होतं.

वाढवायचा नाही, कमी करायचा. किरण दहा पट मंद केले की खऱ्या जोड्या दहा पट कमी होतात: शंभर सेकंदांना एक. पण खोट्या जोड्यांत दोन्हीकडची गर्दी गुणली जाते, त्या शंभर पट कमी होतात: शंभर सेकंदांना एक. आता बरोबरी झाली. फक्त दिवसाला साडेआठशेच्या घरात खऱ्या जोड्या मिळणार, आणि आलेख डोळ्यांना दिसेलसा व्हायला कित्येक दिवस जाणार. उरलेल्या खोट्या जोड्या वजा करायची युक्तीही सोपी आहे. वेळ जुळत नाही अशा ठिकाणी, पुढे-मागे, खिडकी लावून किती पडतात ते मोजायचं. तिथे जेवढ्या, तेवढ्याच मधल्या, म्हणजे वेळ जुळलेल्या जोड्यांच्या, ढिगाखालीही असणार.

बाबा थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "फिनिशिंग कटसारखं आहे. फीड कमी, वेळ जास्त." एवढं चपखल मला प्रबंधात लिहिता आलं नव्हतं.

ही रीत मुळात घन पदार्थांसाठी निघालेली नाही. १९२४ मध्ये बोर, क्रेमर्स आणि स्लेटर या भौतिकशास्त्रज्ञांनी एक धाडसी कल्पना मांडली, की ऊर्जा अक्षय्य असते हा नियम एकेका घटनेला लागू नसेलही, फक्त सरासरीत खरा ठरत असेल. वाल्टर बोटे आणि हान्स गायगर यांनी ते मोजायचं ठरवलं. क्ष-किरण इलेक्ट्रॉनवर आपटून विखुरतो तेव्हा विखुरलेला किरण एकीकडे आणि धक्का खाल्लेला इलेक्ट्रॉन दुसरीकडे; दोघांना एकेक मोजयंत्र, दोन्हींच्या नोंदी सरकत्या फिल्मवर. १९२५ मध्ये उत्तर आलं: ते बरोबरच येतात. बोरसाहेबांची कल्पना बारगळली. बोटेंना त्या पद्धतीसाठी नोबेल मिळालं ते थेट १९५४ मध्ये. मधल्या काळात ब्रुनो रोस्सी यांनी १९३० मध्ये दोन्ही यंत्रं एकदम वाजली तरच नोंद करणारं व्हॅक्यूम ट्यूबचं सर्किट करून फिल्म बघत बसायचा त्रास वाचवला.

आणि ऑजे पुन्हा येतातच. १९३८ च्या सुमारास त्यांनी एकमेकांपासून शेकडो मीटर लांब मोजयंत्रं ठेवली आणि ती एकदम वाजतात असं पाहिलं. आकाशातून एका कणानं सुरू केलेली कणांची अख्खी सर जमिनीवर पडत होती. अशा सरी कशा फुटत जातात याचं गणित भाभा आणि हाइटलर यांनी आदल्याच वर्षी, १९३७ मध्ये, मांडलं होतं. वाशीच्या पुलावरून मानखुर्दकडे जाताना डाव्या हाताला ट्रॉम्बेची टेकडी दिसते. तिथे भाभांनी पुढे काय उभारलं ते सगळ्यांना ठाऊक असतं. मला ती टेकडी दिसली की तो १९३७ चा निबंध आठवतो.

धातूच्या पृष्ठभागावर ही जोडी पकडली ती १९७८ मध्ये. पकडणारे तिघे शास्त्रज्ञ हाक, सावात्स्की आणि थॉमस, आणि पदार्थ आपलं तांबंच. तांब्यात आतल्या दोन पायऱ्या जवळजवळ आहेत, एक ९३२ इलेक्ट्रॉनव्होल्टची आणि एक ९५२ ची (इलेक्ट्रॉनव्होल्ट हे ऊर्जेचं माप). खालच्या, म्हणजे ९५२ च्या, पायरीवर पडलेलं भोक कधी कधी सरकून वरच्या पायरीवर येतं आणि मग तिथून ऑजे सुटतो. नुसते ऑजे मोजले तर सरळ आलेले आणि सरकून आलेले एकाच ढिगात मिसळतात, ढिगाला एक खांदा फुटलेला दिसतो, आणि तो कुणाचा यावर वाद घालायला जागा राहते. यांनी फक्त ९५२ च्या जोडीनं आलेले ऑजे वेगळे मोजले. कोण कुणाबरोबर आलं ते कळल्यावर खांद्याचा मालक सापडला. शिवाय दोघंही बाहेर यावे लागतात, एक वाटेत अडला तरी जोडी फुटते; त्यामुळे मोजणी आपोआपच अगदी वरच्या थरांपुरती राहते.

मला सगळ्यात आवडतो तो याच्या पुढचा प्रकार. प्रकाशाचा एक कण आत जातो आणि एकदम दोन इलेक्ट्रॉन बाहेर येतात. प्रकाशाच्या एका कणानं एकाच इलेक्ट्रॉनला हात घालायचा असतो. दुसरा बाहेर आला याचा अर्थ आत त्या दोघांचं काहीतरी होतं. ते एकमेकांना ओळखत नसते तर ही जोडी दिसलीच नसती. जर्मनीतल्या हाले इथल्या माक्स प्लांक संस्थेत १९९० च्या दशकापासून हे मोजत आलेत. बाहेर आलेल्या दोघांच्या दिशा मांडल्या की एकाच्या भोवती दुसऱ्यासाठी मोकळी जागा दिसते. एकमेकांना टाळतात. तो आलेख मी पहिल्यांदा पाहिला तेव्हा कॉफी गार होऊ दिली होती.

माझ्या स्वतःच्या कामातला आलेख इतका देखणा नव्हता. सहाव्या महिन्यात पहिली जोडशिखा, म्हणजे आलेखात जोड्यांचं वर आलेलं टोक, दिसली. बरोबर शून्यावर, म्हणजे दोघांच्या येण्यात काहीच अंतर नाही अशा जागी, सुईसारखी. तीन आठवडे ती वाढत राहिली आणि मी घरी फोन करून "लागलं" म्हणून सांगितलं. आईनं गणपतीपुढे साखर ठेवली. मग गाईड बाईंनी आलेख हातात घेतला आणि विचारलं, "तुझे इलेक्ट्रॉन रविवारी सुट्टी घेतात का?"

नोंदी काढल्या. शिखा सोमवार ते शुक्रवार वाढत होती, सकाळी आठ ते संध्याकाळी पाच. बाईंनी दुसरं काही न बोलता एका विश्लेषकातली, म्हणजे ठरवलेल्या ऊर्जेचेच इलेक्ट्रॉन पुढे सोडणाऱ्या यंत्रातली, ऊर्जा बदलली. माझे दोन विश्लेषक वेगवेगळ्या ऊर्जेवर होते, एक शंभर आणि एक दोनशे इलेक्ट्रॉनव्होल्टवर. शंभरवाला इलेक्ट्रॉन सेकंदाला सहा हजार किलोमीटरच्या आसपास धावतो, दोनशेवाला त्याहून वेगात. अर्ध्या मीटरच्या वाटेवर दोघांत पंचवीसेक नॅनोसेकंदांचा फरक पडायलाच हवा. खरी जोडी असती तर शिखा शून्यावर नसतीच, आणि ऊर्जा बदलल्यावर तिनं जागाही बदलली असती. माझी जागची हलली नाही. भिंतीपलीकडे सामानाची लिफ्ट होती. ती सुरू होताना ठिणगी उडायची आणि दोन्ही तारांत एकदम कळ यायची. तीन आठवडे मी लिफ्टच्या फेऱ्या मोजल्या होत्या. पुढे तारांना नीट आवरण घातलं, लिफ्ट गेली, आणि चार महिन्यांनी खरी शिखा आली ती बुटकी, रुंद, शून्यापासून पंचवीसेक नॅनोसेकंद बाजूला. त्या वेळी मी घरी फोन केला नाही.

आता मी रबाळ्याच्या एका कारखान्यात कटिंग टूल्सवर व्हॅक्यूममध्ये कोटिंग चढवायचं काम बघते. ठाण्याहून पनवेल किंवा वाशी लोकल, अर्ध्या तासाच्या आत टेबलावर. व्हॅक्यूम तिथेही आहे, पण तिथल्या व्हॅक्यूमला गाईड बाईंनी खिडकी उघडी आहे म्हटलं असतं.

लिफ्टची ही हकिकत मी घरी कधी सांगितली नव्हती. पाडव्याच्या आदल्या दिवशी सांगून टाकली. बाबा पोट धरून हसले. आई कलश पुसत होती.

"म्हणजे हलवून बघायचं," ती म्हणाली. "खरं असलं तर बरोबर हलतं."

"हो. तसंच काहीसं."

"मी केलं होतं."

बाबांचं हसू थांबलं.

"दोन महिने हाच माणूस इंडिकेटरखाली उभा. मी पाच पन्नासला यायची. म्हटलं असेल योगायोग, शिफ्ट सुटत असेल. मग एकदा मुद्दाम ऑफिसात अर्धा तास बसून राहिले. सहा वीसला आले, तर हे तिथेच."

"शिफ्ट कितीला सुटायची?" मी बाबांना विचारलं.

"साडेचार," आईनंच सांगितलं. "मी वर्कशॉपच्या वॉचमनला विचारलं होतं."

"म्हणजे रोज गाड्या सोडायचात?"

"तीन-चार," बाबा म्हणाले. "त्या दिवशी सहा गेल्या. त्यातली एक रिकामी होती."

"आणि एकदा लवकरही निघाले," आई म्हणाली. "पाचलाच स्टेशनवर. तेव्हा मात्र नव्हते."

"हात धुवायला वेळ लागायचा ना. ग्रीस काय पटकन जातं का? रॉकेल, मग साबण, मग ब्रश. स्टेशनवर यायचं तर हात स्वच्छ नकोत?"

आईनं कडी देवघरात बसवली, वर कलश ठेवला आणि डुगडुगतो का ते बोटानं बघितलं.

"कुठले स्वच्छ," ती म्हणाली. "नखांत असायचंच."